पाहिलं तेवढंच

माझ्या वहिनीला कुणी पाळणाघरवाली म्हटलं की तिचं डोकं फिरतं. "तिथे पाळणा दिसला का तुम्हाला कुठे?" असं ती विचारते. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परत येईपर्यंत मुलं जिथे असतात, त्याला ती 'केंद्र' म्हणते आणि इतरांनीही तेच म्हणावं असा तिचा आग्रह असतो. केंद्र ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आहे. एक लांबट हॉल, त्याला लागून कप विसळण्यापुरतं स्वयंपाकघर, भिंतीवर मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर दप्तरांसाठी हूक, आणि रस्त्याच्या बाजूला एक दार. संध्याकाळी त्या दाराबाहेर आम्हा आईबापांची रांग लागते आणि दारात वहिनी उभी असते.

मी तिची नणंद, धाकटी. आम्ही राहतो एकाच इमारतीत. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. लोकांनी आणलेले कपडे उजेडाकडे धरायचे, डाग शोधायचे, तुटलेलं बटण, उसवलेली शिवण गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवायची, म्हणजे नंतर त्याने आमच्या नावाने खडे फोडायला नकोत. इतकी वर्षं हे केल्यावर माझी नजरच तशी झाली आहे, असं दादा म्हणतो. नजरेचं मला माहीत नाही. राग मात्र माझ्या नाकावर असतो, आणि तो लपवायला मी कधी गेले नाही. माझा नवरा फिरतीच्या नोकरीत, तो घरी कमी आणि फोनवर जास्त. मुलगी तिसरीत. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती वहिनीच्याच केंद्रात असते. हॉलमध्ये ती वहिनीला इतर मुलांसारखी 'ताई' म्हणते आणि इमारतीचा जिना लागला की 'मामी'. हा नियम वहिनीचा.

वहिनी केंद्रात लागली ती फळं चिरायला आणि कप धुवायला. मग एकदा शिकवणारी बाई आजारी पडली, तिच्या जागी वहिनी बसली, आणि मुलांची गणितं त्या दिवशी वेळेआधी झाली. तिथून पुढे ती बसतच गेली. केंद्राच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचा तिच्यावर भारी भरवसा होता. आईबापांचाही होता, आणि त्याचं कारण म्हणजे तिच्या तक्रारी.

हो, तक्रारी. दुपारभर वहिनी प्रत्येक मुलाची एकेक चूक डोक्यात जपून ठेवायची आणि संध्याकाळी दारात ज्याची त्याला सुपूर्द करायची. "आज दूध सांडलं. मुद्दाम." "गणितं केली, पण कुरकुर करत." "खोडरबर खाल्लं, अर्धं." एकही मूल सुटायचं नाही आणि एकाही आईला रिकाम्या हाताने जावं लागायचं नाही. माझ्यावर तर तिची खास मेहेरबानी. सख्खी भाची असूनही दारात ती मला "तुमची भिंगरी" म्हणायची, म्हणजे कुणाला भेदभाव वाटायला नको. "तुमची भिंगरी आज टेबलावर चढली." मग मी जिन्याने वर जाताना पायरीगणिक भिंगरीला झापत जायची आणि मामी मागून निवांतपणे यायची. कर्तव्य पार पाडल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर.

गंमत म्हणजे लोकांना हे आवडायचं. तक्रार आली म्हणजे कुणीतरी मुलाकडे डोळे लावून बसलं होतं, असा त्यांचा हिशेब. रांगेत एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ असायचे. बायको नाही, एकटे मुलाला वाढवतात, हाताला कायम ग्रीस. ते दाराशी येऊन दोनच शब्द विचारायचे, "आज काय?" वहिनी सांगायची, ते मान हलवायचे आणि मुलाचा हात धरून निघायचे. त्यांच्या मुलाबद्दल दिवसभरात त्यांना मिळणारी बातमी ती तेवढीच होती.

मग मोठ्या बाईंनी निवृत्त व्हायचं ठरवलं. केंद्र चालवणाऱ्या संस्थेने कळवलं की यापुढे प्रमुखाच्या जागी प्रशिक्षण घेतलेलीच व्यक्ती हवी. वहिनीने वर्षभराचा अभ्यासक्रम केला, शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा दिली आणि पालकांचं मतही बरं पडलं, तर जागा तिची. नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार, आणि वहिनी आहे तिथेच राहणार.

हे तिने आम्हाला वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं. दादा म्हणाला, "कशाला या वयात डोक्याला ताप? आहे ते काय वाईट आहे?"

"मला हवी आहे ती जागा," वहिनी म्हणाली. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "मुलं शाळेतून येतात, सहा तास बसून आलेली असतात, आणि आपण त्यांना पुन्हा गणितं करायला बसवतो. मी कितीदा म्हटलं, आधी पळू द्या. पण मी म्हणून काय होतंय? ठरवणार दुसरंच कुणीतरी. मला एकदा ठरवून बघायचंय."

वहिनीला स्वतःसाठी काही मागताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दुसऱ्या दिवशी दादाने टेबलावरचा आपला पसारा उचलला आणि ते टेबल तिला अभ्यासाला दिलं.

वर्ग शनिवार-रविवारी असायचा, दुसऱ्या एका शाळेत, आणि बसायला मुलांचीच बाकं. वहिनीबरोबर कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या काही मुली होत्या आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांना घरी बसवत नव्हतं. शिकवणाऱ्या मॅडम वहिनीपेक्षा पुष्कळ लहान, मोठा गोल चष्मा लावणाऱ्या. पहिल्या रविवारी वहिनी परत आली ती पाय आपटतच.

"आज मुलं झालो होतो आम्ही," ती म्हणाली. "बँकेचे काका रुसले, खरंच रुसून कोपऱ्यात जाऊन बसले. मी त्यांना समजवायला गेले तर मॅडम म्हणतात, थांबा, आधी नुसतं बघा. मुलाचं रडणं नुसतं बघत बसायचं? असलं शिक्षण नको मला."

पण पुढच्या आठवड्यात ती काहीतरी वेगळं घेऊन आली. झालं असं की मॅडम वर्गात उठल्या, खिडकीशी गेल्या, खिडकी लावली आणि परत येऊन बसल्या. मग विचारलं, "काय पाहिलंत?" वहिनीने हात वर केला. "तुम्हाला गार वाटलं." मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवलंत. पाहिलं काय?" वहिनीने पाहिलं होतं एवढंच, की मॅडम उठल्या आणि खिडकी लावली.

"हट्टी आहे, हे ठरवलेलं," वहिनी आम्हाला समजावून सांगत होती. "पाय आपटले, हे पाहिलेलं. मुद्दाम सांडलं, हे ठरवलेलं. सांडलं, हे पाहिलेलं." बोलता बोलता ती मधेच थांबली. तेव्हा तिला दारातल्या तिच्या तक्रारी आठवत असाव्यात. निदान मला तरी आठवल्या.

त्या आठवड्यात वहिनीचा सराव चालला तो दादावर. "सोफ्यावर बसले. रिमोट हातात घेतला. टीव्ही बंदच आहे. कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. नजर वळवली." दादा म्हणाला, "अगं, टाकून येतो कचरा, पण हे थांबव." दादाला हलवण्यासाठी मी लहानपणापासून घसा फोडून घेतला होता, आणि हिने त्याला नुसत्या वर्णनाने उठवलं. मला त्या अभ्यासक्रमाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

मग, वर्ष संपत आलं तेव्हा, आला दाराचा धडा. मॅडमनी सांगितलं की मूल घरी निघतं तेव्हा दारात काय बोललं जातं ते मूल कान टवकारून ऐकत असतं, तर रोज त्याच्याबद्दल आपण पाहिलेली एक गोष्ट सांगा. वहिनी कुठलीही गोष्ट अर्धवट करणारी नव्हे. सोमवारपासून तक्रारी बंद. एकदम बंद, पाण्याचा नळ फिरवावा तशा.

रांगेत खळबळ माजली. "आज काय?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"आज त्याने एका लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधून दिली."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही."

ते हलेनात. वहिनीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मुलगाही बिचारा चकित झालेला. शेवटी मागच्या बाईने खाकरून त्यांना पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एका आईने मुलाच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिलं. आठवडा संपेपर्यंत लिफ्टवाले मोठ्या बाईंना जाऊन भेटले. "ताईंचं हल्ली लक्ष नाही," ते म्हणाले. "माझा पोरगा काही करत नाही असं होईलच कसं?" त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी गेल्या. आणि पालकांचं मत तर परीक्षेत धरलं जाणार होतं.

मला वाटत होतं, होईल सवय लोकांना. मी खुशीत होते. भिंगरीबद्दल रोज काहीतरी चांगलं ऐकायला मिळत होतं, मग मी का तक्रार करीन? गुरुवारी वहिनी दारात म्हणाली, "भिंगरीने आज कात्री फार मन लावून वापरली." माझा ऊर भरून आला. जेवताना मी भिंगरीला म्हटलं, "शहाणी माझी बाय. काय कापलंस ग?" ती म्हणाली, "असंच," आणि ताटातलं सगळं न कुरकुरता संपवलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी दुपारी दुकानात एक बाई आल्या. हातात कपडे नव्हते. भिंगरीच्या मैत्रिणीची आई होती ती. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. फोटोत त्यांच्या मुलीच्या डोक्याची मागची बाजू होती. एक वेणी कमरेपर्यंत आणि दुसरी मानेपर्यंत.

"तुमच्या मुलीने," त्या म्हणाल्या. "आणि ताई मला म्हणतात, आज ही फार शांत बसली होती. शांत बसली होती म्हणे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरच्या माझ्या घरी गेलेच नाही, सरळ वहिनीच्या घरात शिरले.

"मन लावून वापरली का कात्री?" मी म्हटलं. "वेणी नाही दिसली तुला? एवढी मोठी वेणी?"

"दिसली," वहिनी म्हणाली.

"मग सांगितली का नाहीस?"

"वन्सं, हळू बोला." वहिनी मला 'वन्सं' आणि 'बोला' म्हणाली की समजावं, तीही तापली आहे. "एक गोष्ट सांगायची होती. मी चांगली निवडली. चारचौघांत तुम्हाला खाली बघायला लागू नये म्हणून."

"आता भर दुकानात बघितलं ना खाली."

दादाने चहा केला आणि तो स्वयंपाकघरातच उभा राहून प्यायला. आम्ही दोघींनी एकमेकींना आणखी बरंच ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी वहिनी खुर्चीत बसली आणि एकदम विझल्यासारखी झाली. "सोमवारपासून पहिल्यासारखं," ती म्हणाली. "लोकांना तेच हवंय, मलाही तेच येतं. उद्या जायची नाही मी वर्गाला. येऊ दे बाहेरून कुणी यायचं ते."

तिने हे अशा आवाजात म्हटलं की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी दुसराच राग आला. "वेणी माझ्या मुलीने कापली," मी म्हटलं. "तुझ्या कोर्सने नाही. उद्या मुकाट्याने जा. नाही गेलीस तर सकाळी मी येऊन तुला बाकावर बसवून येईन."

ती गेली. त्याआधी सकाळी त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन, झालेलं सगळं सांगून, माफी मागून गेली. हे तिने आम्हाला सांगितलं नाही. मला ते त्या आईकडूनच कळलं.

वर्गात तिने कात्रीचा किस्सा जसाच्या तसा सांगितला. बँकेचे काका हसता हसता बाकावरून घसरले. चष्मेवाल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गोड सांगा असं मी कधी म्हटलं, ताई?"

वहिनीने आठवून पाहिलं. तसं त्या खरंच कधी म्हणाल्या नव्हत्या.

"आधी तुम्ही पाहिल्यातलं वाईट तेवढं सांगत होता," मॅडम म्हणाल्या. "आता चांगलं तेवढं सांगता. निवड तुमचीच. आणि दोन्ही वेळा मूल तुमच्या शेजारी गप्प उभं. गोष्ट त्याची आहे ना? मग त्यालाच सांगू द्या. तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा. त्याने सांगितलं तर तुम्हाला बोलायची गरज नाही. अडलं तर पाहिलेलं सांगा, सगळं."

ही शिकवण वहिनीला सगळ्यात जड गेली. बोलायला सांगितलं असतं तर तिने रात्रंदिवस बोलून दाखवलं असतं. गप्प बसायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. पण ती लागली कामाला. घरी जायच्या वेळेआधी ती मुलांना गोल बसवायची आणि एकेकाला विचारायची, "आज घरी काय सांगशील?" सुरुवातीला मुलं "काही नाही" म्हणायची. मग एकीने सांगितलं, मग दुसऱ्याने, आणि मग चढाओढच लागली. दारात मात्र आईबाप समोर आले की पुन्हा बोबडी वळायची. वहिनी हात मागे बांधून उभी राहायची. तिच्या गालाचा स्नायू हलताना मला रांगेतूनही दिसायचा.

परीक्षा बुधवारी होती. परीक्षक म्हणून एक ठेंगणे, शांत गृहस्थ आले. दाराजवळच्या छोट्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले आणि घरी जायची वेळ होईपर्यंत जागचे हलले नाहीत. रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हे आज आपल्यालाही विचारणार. वहिनीने केस दोनदा विंचरले होते. मनातल्या मनात मी म्हणत होते, आजच्या दिवस कुणी काही वाकडं करू नका रे.

लिफ्टवाले पुढे होते. "आज काय?" त्यांनी सवयीने वहिनीला विचारलं. वहिनीने मुलाकडे पाहिलं आणि ती थांबली. मुलगा बुटाने जमीन उकरत राहिला. रांग थांबली, परीक्षक थांबले.

"मी रंगाचं पाणी सांडलं," शेवटी मुलगा म्हणाला. "मग पुसलं."

"पुसलंस?"

"हो. फडक्याने. टेबलाखालचं पण."

लिफ्टवाल्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिने फक्त मान हलवली. सांडल्याच्या बातम्या त्यांनी आजवर खूप नेल्या होत्या. पुसल्याची ही पहिलीच. "बरं," ते म्हणाले, आणि निघून जायच्याऐवजी बाजूला उभे राहून मुलाच्या दप्तराचा पट्टा नीट करू लागले.

मग माझी पाळी आली. माझा दिवस वाईट गेला होता. एका गिऱ्हाइकाने जुना कोट आणला होता, आणि अस्तर आम्हीच फाडलं म्हणून तो तासभर भांडून गेला होता. पाय दुखत होते, डोकं ठणकत होतं. भिंगरी दप्तर ओढत आली. नेहमीसारखी उड्या मारत नव्हती. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सांगतेस?" वहिनीने तिला विचारलं.

भिंगरीने मान खाली घातली. "आज मी पहिलीतल्या छोटीला रडवलं."

"का?" माझा आवाज चढलाच. "काय केलंस तिला?"

"आम्ही घर-घर खेळत होतो. मी ओरडले. खूप जोरात ओरडले, मग ती रडली."

"अगं पण ओरडायला काय झालं होतं?"

भिंगरीने मान वर केली. मला एवढंही कळू नये याचं तिला खरोखर नवल वाटलं होतं. "मी आई झाले होते ना," ती म्हणाली.

लिफ्टवाले दप्तराच्या पट्ट्यात फारच गुंतले. परीक्षकांनी मान जराशी तिरकी केली. माझे कान तापले. मला दिसत होतं की वहिनीच्या तोंडाशी शब्द आले आहेत. एका वाक्यात तिला हे सावरून घेता आलं असतं, किंवा एका वाक्यात तिला माझे इतक्या वर्षांचे जिन्यातले सगळे पाढे वाचता आले असते. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. मागे बांधलेले हात तिने आणखी घट्ट धरले, एवढंच.

मी तोंड उघडलं. आणि आता जे बाहेर पडणार आहे तेच या मुलीने दुपारी करून दाखवलं असणार, अगदी याच आवाजात, हे मला ऐन वेळी कळलं. मी तोंड मिटलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. काय करावं ते सुचेना म्हणून मी खाली बसले, तिथेच, दाराच्या पायरीवर.

"मग?" मी विचारलं. "छोटी रडली, मग?"

"मग मी तिला सांगितलं," भिंगरी म्हणाली, "की घाबरू नको. आई आत्ताच कामावरून आलीय. तिने बूट काढले की ती चांगली होते."

मागे कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. मलाही हसू आलं. या पोरीला माझं सगळं ठाऊक होतं. राग कधी येतो, किती वेळ राहतो, कशाने जातो, सगळं. आणि एवढं ठाऊक असून ती त्या छोटीजवळ माझीच बाजू मांडून आली होती.

मी बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला, दुसरा काढला आणि दोन्ही पायरीवर शेजारी ठेवले. "काढले," मी म्हटलं. "आता पुढचं सांग. बाबा कोण झालं होतं?"

मग ती सुटली. बाबा कोण, बाळ कोण, घर कुठल्या टेबलाखाली होतं, छोटी नंतर कशी हसली. मी नुसत्या मोज्यांत बसून सगळं ऐकलं. रांग मागे खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

परीक्षकांनी वहिनीला शेवटी एकच प्रश्न विचारला, तो मला ऐकू आला. "इतकं सगळं चाललं होतं, तुम्हाला मधे बोलावंसं वाटलं नाही?"

"फार वाटलं," वहिनी म्हणाली. "माझी नणंद आहे ती."

निकाल कळायला बरेच दिवस लागले. वहिनी पास झाली आणि जागा तिला मिळाली. पालकांची मतं चांगली पडली. लिफ्टवाल्यांनी तर सगळ्यांच्या आधी जाऊन आपलं मत दिलं. आता हॉलची किल्ली वहिनीकडे असते. मुलं शाळेतून आली की आधी ग्रंथालयामागच्या मोकळ्या जागेत पळतात, घाम येईपर्यंत, आणि मग गणितं करतात. चष्मेवाल्या मॅडम नव्या मुलींना काम बघायला तिच्याकडे पाठवतात. त्यांना ती दारात उभं राहायला शिकवते. पहिल्या महिन्यात त्यातली एक तरी हात मागे बांधून रडकुंडीला येते म्हणे.

पण त्या बुधवारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. परीक्षक गेले, दार लागलं आणि आम्ही तिघी घरी निघालो. भिंगरी पुढे उड्या मारत चालली होती. वहिनी गप्प होती. निकालाची चिंता असणार, पण मला तो गप्पपणा सहन होईना.

"बोल आता," मी म्हटलं. "तिथे नाही बोललीस, आत साठलं असेल. बोलून टाक."

"काय बोलू?"

"काय वाटलं ते."

"वाटल्याचं सोड," वहिनी म्हणाली. "पाहिलं ते सांगते. तू पायरीवर बसलीस. बूट काढलेस. तुझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे."

"बघितलंस ते? सगळ्यांनी बघितलं असेल."

"रांगेने बघितलं," वहिनी म्हणाली. "भिंगरीने नाही. ती सगळा वेळ तुझ्या तोंडाकडे बघत होती."